पिंपळजाळीची कानातली आणि चांदीची बकुळमाळ : अख्खा पावसाळा वापरल्यावर

उन्हाळ्यात एका प्रदर्शनात घेतलेली ही दोन्ही आता दिवाळीपर्यंत वापरून झाली, ऑफिसला रोज कानातली आणि सणासमारंभाला माळ. दोन्ही ९२५ चांदीत, म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी, बाकी तांबं. घडवणारी बाई एकटीच काम करते आणि तिचं निम्मं लक्ष झाडांकडे असतं, हे दागिना हातात घेतल्यावर कळतं.

पिंपळाची जाळी, म्हणजे गर जाऊन नुसत्या शिरा उरलेलं पान, ती तावून मऊ केलेल्या चांदीच्या पत्र्यावर ठेवते आणि दोन्ही एकत्र रोलरमधून काढते. शीर न् शीर पत्र्यात उतरते. जाळी चिरडून जाते. त्यामुळे जोडीतली दोन पानं सारखी नाहीत. हुबेहूब जोडी हवी असेल त्यांनी या वाटेला जाऊ नये. मला आवडतात.

पिंपळाचं लांब शेपटीसारखं टोक मात्र छळतं. ओढणीत अडकतं, हेल्मेटच्या पट्ट्यात तर हमखास. थोडं आखूड करून द्याल का विचारलं, तर म्हणाली, "ताई, टोक छाटलं तर मग पिंपळाचं कशाला म्हणायचं?" कानस फिरवून कडा तेवढ्या बोथट करून दिल्या. हट्टी आहे, पण तिचं बरोबर आहे.

पावसाळ्यात चांदी काळवंडतेच. दमट हवेत गंधकाची संयुगं तिला लवकर धरतात. मऊ सुती कापडानं पुसलं की पुरे. यूट्यूबवरचा फॉइल आणि खाण्याच्या सोड्याचा उपाय इथे अजिबात करू नका. त्यात काळेपणाचं पुन्हा चांदीत रूपांतर होतं, आणि या पानाच्या शिरांतला काळेपणा तर मुद्दाम दिलेला असतो. तो गेला की उरतो नुसता चकचकीत पत्रा. उलट रोज वापरून उंच भाग उजळलाय, खाचा काळ्याच राहिल्यात. नवीन होती तेव्हापेक्षा आता जाळी जास्त उठून दिसते.

माळेबद्दल थोडी तक्रार. बकुळीला पाकळ्या आठच, पण प्रत्येकीच्या पाठीला आणखी दोन, म्हणून फूल चोवीस टोकांचं दिसतं. पेढीवरच्या बकुळीहारात इतका हिशेब कोण ठेवतो! हिनं ठेवलाय, आणि खऱ्या फुलासारखी मधल्या भोकातूनच ओवलीत. दिसायला अप्रतिम, पण टोकं नाजूक: काही वाकली, शिफॉनच्या पदराला तर धागेच निघाले. सुती आणि खणावर काही त्रास नाही. दोरा घामानं विरला, तेव्हा पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घेतली. दोरा पहिल्यापासूनच चांगला द्यायला हवा होता.

किंमत चांदीच्या वजनाच्या कितीतरी पट आहे आणि मोडीत घातली तर फक्त चांदीचे पैसे येतील, तेव्हा गुंतवणूक म्हणून घेऊ नका. मी बहिणीसाठी कानातल्यांची आणखी एक जोडी सांगितली आहे. ती हेल्मेट घालत नाही, बसने जाते.