हवाबंद डब्यांचा सेट: डबा धडधाकट, रिंग गेली

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला हा चार क्लिपांचा सेट. अख्खा पावसाळा त्याने काढला आणि मी भेटेल त्याला ‘हाच घ्या’ म्हणून सांगत होते. परवा मात्र ठाणे लोकलच्या गर्दीत बॅगेत आमटी सांडली. चारही क्लिपा लागलेल्या होत्या.

घरी आल्यावर झाकण उलटं करून पाहिलं. खाचेतली सिलिकॉनची रिंग लांबून एका कोपऱ्यात वर आली होती. सुरीच्या टोकाने ती काढली, तर खाली चिकट तेलाचा थर आणि काळी बुरशी. डबा रोज घासला जातो, पण स्क्रबर त्या खाचेत पोचतच नाही. आता रिंग काढून जुन्या टूथब्रशने खाच घासते आणि दोन्ही खडखडीत वाळल्याशिवाय बसवत नाही.

कस्टमर केअरचं उत्तर: “मॅडम, रिंग सुटी येत नाही, नवीन सेट घ्या.” वॉरंटी डब्याला आहे, रिंगला नाही! कुकरची गॅस्केट कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळते, मिक्सरच्या भांड्याची रिंगही मिळते. मग डब्याचीच का नाही? एका रिंगेपायी चांगला डबा भंगारात काढायला माझं मन घेत नाही.

डब्याच्या प्लास्टिकबद्दल तक्रार नाही. तळाला त्रिकोणात 5 आहे, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. गरम भाताने ते वाकलं नाही. हळदीच्या पिवळ्या डागांमुळे मी आधी याला नावं ठेवत होते. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेलासकट प्लास्टिकला धरतो, म्हणून घासून जात नाही. पण ऑक्टोबरच्या उन्हात खिडकीत ठेवले तसे डाग बरेच उतरले. ती तक्रार मागे. तेलाचा तवंग असलेली भाजी मात्र यात मायक्रोवेव्हला लावू नका. तेल पाण्यापेक्षा जास्त तापतं आणि कडेला खरखरीत वळ पडतो, तो कायमचा.

कोरड्या जिनसांना तोड नाही. जुलैत, भिंतींना ओल आलेली असताना, चिवडा सादळला नाही आणि रव्यात अळ्या झाल्या नाहीत. त्यासाठी जरूर घ्या, पण पैसे देण्याआधी रिंग सुटी मिळते का ते विचारा. आमटीसाठी मी माळ्यावरचा कडीचा स्टीलचा डबा काढलाय. कंपनीला ईमेलही केलाय. रिंग विकायला ठेवली नाही, तर यांचा दुसरा सेट माझ्या घरात येणार नाही.