कोथरूडमधला गरोदर बायकांचा वर्ग: सासूबाईंना सोबत न्याच

पुण्यात असे वर्ग आता गल्लोगल्ली आहेत. कोथरूडच्या एका छोट्या प्रसूतिगृहात शनिवारी दुपारी चालणारा हा वर्ग मी मनापासून सुचवतेय, कारण इथे नवऱ्याला आणि सासूलाही बसवून घेतात.

व्यायाम, आहार, श्वसन चांगलंच शिकवतात, पण ते इतरत्रही मिळतं. ‘मुलगा की मुलगी’ हा तास मला दुसरीकडे कुठे दिसला नाही. डॉक्टरबाईंनी आधी सगळ्यांना बोलतं केलं. पोट पुढे आलं की मुलगा, चेहऱ्यावर तेज आलं की मुलगी. डोहाळजेवणात वाटीखाली पेढा निघाला की मुलगा, बर्फी निघाली की मुलगी. आंबट खावंसं वाटणं एकीच्या घरी मुलाचं लक्षण, दुसरीच्या घरी मुलीचं!

मग त्यांनी दोन पिशव्या काढल्या. आईच्या पिशवीत सगळ्या लाल बांगड्या, बाबांच्या पिशवीत निम्म्या लाल, निम्म्या हिरव्या. माझ्या सासूबाईंना दोन्हींतून एकेक काढायला सांगितलं. आईकडून लालच येणार, म्हणजे बाळाचं लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांपैकी एक्स. बाबांकडून लाल आली तर मुलगी, हिरवी म्हणजे वाय आली तर मुलगा. काढलेली बांगडी परत आत टाकून पुन्हा काढायला लावली. आधी दोन मुली झाल्या म्हणून पुढच्या वेळी पिशवीतल्या बांगड्या बदलत नाहीत, हे त्यांच्या हातालाच कळलं. माझ्या जाऊबाईंनी दोन मुलींवरून इतकी वर्षं काय काय ऐकून घेतलंय! हा वर्ग तेव्हा हवा होता.

“मग मुलगा होण्याचं औषध देतात ते?” सासूबाईंनी विचारलंच. डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “काकू, गर्भ राहतो त्याच क्षणी ते ठरलेलं असतं. नंतर घेतलेल्या औषधाने बदलत नाही, उलट बाळाला अपाय होऊ शकतो.” १९९४ चा गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा आणि सोनोग्राफीच्या वेळी आपण सही करतो तो एफ फॉर्म कशासाठी, तेही सांगितलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागे फक्त ८९४ मुली होत्या. हा आकडा त्यांनी फळ्यावर लिहिला आणि तास संपेपर्यंत पुसला नाही.

उणिवा आहेत. खुर्च्या प्लास्टिकच्या, पाठीला उशी घरून न्या. गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने गेलेलं बरं. एक चित्रफीत इंग्रजीत होती, ती मराठीत हवी, कारण ती ज्यांनी बघायला हवी त्या आज्याच मागे बसल्या होत्या. नाव चौथ्या महिन्यातच घाला, जागा लवकर भरतात.