ब्रीदर पाईपची चीर शोधणाऱ्या गॅरेजला पाचपैकी साडेचार

कापलेल्या अर्ध्या ताऱ्याचं आधी सांगते, म्हणजे पुढे मोकळेपणाने कौतुक करता येईल. नव्या पाईपचा क्लॅम्प (पाईप आवळून धरणारी पट्टी) बसवताना गॅरेजवाल्या काकांनी त्याच्या स्क्रूचं डोकं मागच्या पत्र्याच्या दिशेला ठेवलंय. पुन्हा आवळायचा म्हटलं तर स्क्रूड्रायव्हर जातच नाही. एवढं जीव लावून काम करणाऱ्या माणसाने हे असं का करावं, देव जाणे.

गाडी माझी १९ वर्षांची, पेट्रोलवरची, १,६२,००० किलोमीटर झालेली. रस्त्यावर पळताना काही तक्रार नव्हती. पण सिग्नलला थांबलं की आरपीएमचा काटा ७०० ते १,१०० झोके घ्यायचा, आणि एसी चालू असेल तर एखाद्या वेळी गाडी बंदच पडायची. सोबत चेक इंजिनचा दिवा. कोड पी ०१७१, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय.

याआधी ज्या गॅरेजात जात होते (नाव लिहीत नाही) तिथे या एका कोडवर आधी ऑक्सिजन सेन्सर बदलला, मग प्लग, मग थ्रॉटल बॉडी धुतली. दर वेळी दोन दिवस दिवा विझलेला, तिसऱ्या दिवशी हजर. मला वाटायचं, निदान दोन दिवस तरी गुण येतोय! गुण कसला, ते कोड पुसून गाडी परत द्यायचे, आणि तोच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय हा दिवा लागत नाही. हे मला नव्या गॅरेजात कळलं.

इथल्या काकांनी बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "ताई, उभ्या गाडीत शिट्टी ऐकू येते का?" येत होती. बारीक, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ फुसफुसते तशी. मी ती इतके दिवस फॅन बेल्टच्या खात्यावर टाकत होते.

मग स्कॅनर. आधीच्या गॅरेजातही स्कॅनर होता, पण तिथे कोड वाचून तो लगेच मिटायचा. काकांनी चालू गाडीचे आकडे लावले आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) फ्युएल ट्रिम अधिक २३ टक्के, म्हणजे हवेची बरोबरी करायला कॉम्प्युटर तेवढं जास्तीचं पेट्रोल ओततोय. रेस देऊन २,५०० आरपीएमला धरलं, तर तोच आकडा ५ वर आला. "पेट्रोल कमी पडत असतं, तर रेस दिल्यावर आकडा वाढला असता," काका म्हणाले. "इथे उलटं आहे. आयडलिंगला इंजिन हवाच थोडी घेतं, त्यात चोरवाटेने आलेली लगेच जाणवते. रेस दिली की ती दर्यामें खसखस." तीन महिने आणि एक सेन्सर घालवून जे समजलं नव्हतं, ते या दोन आकड्यांत समजलं.

आता चोरवाट शोधायची. चालू इंजिनवर त्यांनी ऑइलची कॅप उघडली. धडधाकट गाडी अशा वेळी अडखळते, कारण तिथूनही हवा आत ओढली जाते. माझी ढिम्म! मग टॅपेट कव्हरवरून (इंजिनाचं वरचं झाकण) इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या) जाणारा पाईप, म्हणजेच ब्रीदर पाईप, मॅनिफोल्डच्या टोकाशी, चिंधी गुंडाळलेल्या पकडीत हलकेच दाबला. शिट्टी थांबली आणि काटा जागेवर बसला.

पिस्टन रिंगांच्या फटीतून थोडा जळका वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. फार जुन्या गाड्या तो नळीने खाली रस्त्यावर सोडून द्यायच्या. नंतरच्या गाड्यांत तो या पाईपमधून परत इंजिनात ओढून जाळतात. पाईप फाटला की वायूऐवजी बाहेरची हवा घुसते, आणि ती एअर फिल्टरपाशी बसलेल्या सेन्सरच्या मोजणीत येतच नाही. पाईप बिचारा वर्षानुवर्षं ऑइलची वाफ पीत, इंजिनाची धग खात पडलेला असतो.

मला तर तो ठणठणीत दिसत होता. काकांनी इंजिन बंद करून धुराचं यंत्र इनटेकला जोडलं. टायरमध्ये आपण ३० पीएसआय भरतो, इथे दाब एक पीएसआयसुद्धा नव्हता. अर्धा मिनिट काहीच नाही. मग पाईपच्या वाकणाखालून, एका ब्रॅकेटला तो घासत होता तिथून, उदबत्तीसारखी एक रेघ वर आली. खाली आरसा धरला तरी चीर दिसेना. त्यांनी अंगठ्याने पाईप किंचित वाकवला, तेव्हा तिने तोंड उघडलं. माझ्या नखाएवढीच लांब होती.

"टेप मारून चालेल?" मी विचारलं. काकांनी उत्तराऐवजी फळीवरून एक तुकडा काढून हातात दिला. कुणीतरी ब्रीदरच्या जागी रेडिएटरचा पाईप लावला होता. तो ऑइल पिऊन फुगला होता, भिजलेल्या खोडरबरासारखा लिबलिबीत. टेपचा गोंदही ऑइलपुढे असाच हरतो म्हणाले. ऑइल सोसणारा, एसएई जे ३० आर ७ छापलेला सरळ पाईप त्यांच्याकडे होता, पण वाकणाशी तो दुमडून चपटा होईल म्हणून त्यांनीच नको म्हटलं. वाकणासकट साच्यात घडवलेला मागवला. त्यासाठी चार दिवस गाडीविना काढले.

पाईपच्या टोकाचा पीसीव्ही व्हॉल्व्हही (वायू एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बदलायला सांगतील अशी माझी मनाची तयारी होती. त्यांनी तो धुतला, कानाशी हलवला, टकटक वाजला. फुंकून पाहिला, एकाच बाजूने हवा गेली. "हा चांगला आहे, कशाला खर्च?" माझे पाच तारे इथेच पक्के झाले होते, पुढे तो क्लॅम्प आला.

बिलात शोधण्याची मजुरी पाईपच्या तिप्पट आहे आणि ती वेगळ्या ओळीत लिहिलीय. घरी त्यावरून कुरबुर झाली. माझं मत विचाराल तर तपासणी फुकट करून सेन्सर विकणाऱ्यापेक्षा हे परवडलं. जुना पाईप त्यांनी पिशवीत घालून परत दिला, कुरबुर करणाऱ्यांना मी तोच वाकवून दाखवते.

आता आयडलिंग ७५० वर स्थिर, ट्रिम अधिक ३, शिट्टी गायब. जाणार असाल तर गाडी रात्रभर गार ठेवून सकाळीच न्या, गरम इंजिनात ते हात घालत नाहीत. फोन उचलतील ही आशा ठेवू नका.

क्लॅम्पचं मी त्यांना बोलले. "रबर बसलं की तसाही एकदा आवळावा लागतो. ५०० किलोमीटर झाले की या, तेव्हा फिरवून देतो." सध्या ३८० झालेत.