पुण्यातली जिरा अ‍ॅडमिनची शनिवारची बैठक: बरेच महिने जाऊन आल्यावर

जिराच्या परवान्याच्या यंदाच्या नूतनीकरणाचं कोटेशन हातात पडलं, तेव्हा ही बैठक किती कामाची आहे ते मला खरं कळलं. म्हणून लिहितेय. जिरा-कॉन्फ्लुअन्स सांभाळणारे लोक शनिवारी सकाळी जमतात, कधी खराडीला, कधी बाणेरला, ज्याच्या कंपनीत खोली मिळेल तिथे. फी नाही. जिरा म्हणजे कामं नोंदवून त्यांचा माग ठेवायचं सॉफ्टवेअर आणि कॉन्फ्लुअन्स म्हणजे माहितीची पानं लिहून ठेवायचं, दोन्ही अ‍ॅटलासियन कंपनीची.

आमची कंपनी चिंचवडची, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. आयटीत आम्ही तिघं आणि जिरा माझ्या एकटीच्या गळ्यात. वितरकाने 213 जणांचं वार्षिक कोटेशन पाठवलं आणि सही करून द्या म्हणून मागे लागला. क्लाउडचा, म्हणजे अ‍ॅटलासियनच्याच सर्व्हरवर चालणाऱ्या जिराचा, वार्षिक करार डोकी मोजून होत नाही, टप्प्यांनी होतो. 200 च्या वर एक जरी माणूस गेला तरी 300 चा टप्पा लागतो. जिराला जोडून घेतलेल्या अ‍ॅपचंही तेच. टाइमशीटचं अ‍ॅप आमच्याकडे फक्त डिझाइनवाले वापरतात, पण पैसे जिरावर असलेल्या सगळ्यांचे. वितरकाने यातलं अवाक्षर काढलं नाही. काढलं ते बैठकीत चहाच्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या एका बँकेच्या आयटीतल्या काकांनी.

“मॅडम, सही करू नका अजून. युजरची यादी एक्सपोर्ट करा, शेवटचा वापर कधी केला तेही त्यात येतं. सोडून गेलेले, बदलून गेलेले सगळे काढा आणि मग नवीन कोटेशन मागा. वर्षाच्या मध्ये काढलेत तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत पैसे भरतच राहाल.”

सोमवारी यादी काढली. एचआरने न कळवलेले, नोकरी सोडून कधीच गेलेले लोक त्यात तसेच बसलेले. ती नावं काढल्यावर 200 च्या बऱ्याच खाली आलो. जिराचं बिल एक टप्पा उतरलं आणि प्रत्येक अ‍ॅपचंही उतरलं. सल्लागाराला तासाचे पैसे मोजून जे कळलं असतं, ते इथे चहाबरोबर कळलं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. या बैठकीत कोणीही काहीही लिहून ठेवत नव्हतं. कॉन्फ्लुअन्स सांभाळणारी माणसं! दिवसभर बाकीच्यांच्या मागे लागतात, “पान बनवा, पान अपडेट करा,” आणि स्वतःच्या बैठकीचं टिपण नाही. सर्व्हरवरून, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या मशीनवर चालणाऱ्या आवृत्तीवरून, क्लाउडवर गेलेल्या एका टीमचं सत्र झालं. सर्व्हरचा सपोर्ट 15 फेब्रुवारी 2024 ला संपला, तोपर्यंत त्यांनी काय काय भोगलं ते ऐकण्यासारखं होतं. दोन खात्यांना एकच ईमेल असेल तर स्थलांतर अडतं. स्क्रिप्टरनर या अ‍ॅपमधल्या, ग्रूव्ही भाषेतल्या स्क्रिप्ट जशाच्या तशा चालत नाहीत, रेस्ट एपीआयवर (वेबवरून जिराशी बोलायची सोय) पुन्हा लिहाव्या लागतात. डेटाबेसला थेट हात लावता येत नाही, त्यामुळे एसक्यूएलवर (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) उभे केलेले रिपोर्ट गेले. कोणत्या क्रमाने काय तपासायचं ते सत्र घेणाऱ्या मुलीने फळ्यावर अप्रतिम मांडलं. सत्र संपलं, फळा पुसला. मी फोटो काढला होता म्हणून माझ्याकडे आहे. उशिरा आलेल्या, न आलेल्या माणसाने काय करायचं? मेट्रोने सिव्हिल कोर्टला गाडी बदलून रामवाडी, तिथून रिक्षा, एवढं करून आलेल्या माणसाला हातात काहीतरी मिळायला हवं की नको? पाहुण्यांचं खाणं, बॅनर, ग्रुप फोटो यांना वेळ असायचा आणि पानभर टिपणाला नसायचा, याचा मला मनापासून राग यायचा.

हे मी आयोजकांना दोनदा सुनावलं. नंतर मात्र एका सत्राने माझं मत थोडं हललं. विषय होता ऑक्टोबर 2023 मधलं कॉन्फ्लुअन्सच्या सुरक्षेतलं भगदाड, ज्यातून बाहेरचा माणूस स्वतःला अ‍ॅडमिन खातं बनवून घेऊ शकत होता. डेटा सेंटर (तीही कंपनीच्या स्वतःच्या मशीनवर चालणारी, मोठ्या कंपन्यांसाठीची आवृत्ती) आणि सर्व्हरला ते लागू होतं, क्लाउडला नव्हतं. एका गृहस्थांनी त्यांच्याकडे नेमकं काय घडलं ते सांगितलं: अ‍ॅडमिन ग्रुपमध्ये अनोळखी नाव कसं दिसलं, अ‍ॅक्सेस लॉगमध्ये, म्हणजे कोणी काय उघडलं त्याच्या नोंदीत, सेटअपच्या पानांवर आलेल्या विनंत्या कशा सापडल्या, मग वरिष्ठांना रात्री कसं उठवलं. खोलीत पंचवीसेक माणसं, सगळी कान देऊन. टिपण निघणार असतं तर या गृहस्थांनी तोंड उघडलं नसतं, हे मला तिथेच पटलं. माणसं इथे मोकळी बोलतात ती बाहेर जाणार नाही या भरवशावर, आणि तो भरवसा फार मोलाचा आहे.

तरी माझा आग्रह मी सोडलेला नाही, फक्त आखडता घेतलाय. कंपनीचं नाव नको, माणसाचं नको, कोणाचं काय बिघडलं ते नको. लॉगमध्ये काय शोधायचं, कोणता ग्रुप तपासायचा, नूतनीकरणाआधी यादी कशी काढायची, एवढंच लिहा. आयोजकांनी विचारलं, “ताई, लिहिणार कोण?” मी हात वर केला, आणखी दोघांनी केला. आता आळीपाळीने एक पान निघतं, आणि बोलणाऱ्याला दाखवल्याशिवाय पुढे जात नाही. मध्ये एकदा निघालं नाही, त्याबद्दल मी पुन्हा बोलले आहे.

बाकीचं थोडक्यात. सुरुवातीला दोन सत्रं विक्रेत्यांच्या डेमोत वाया जायची, आता डेमो शेवटी असतो आणि ज्यांना नको ते उठून जातात. ऑटोमेशनवरचं, म्हणजे जिराने नियमांनुसार आपोआप कामं करण्यावरचं, सत्र चांगलं झालं: स्टँडर्ड प्लॅनला महिन्याला नियमांचे 1,700 रनच मिळतात, तेव्हा दर पाच मिनिटांनी चालणारे नियम आधी बंद करा. बॅकअपचं सत्र त्याहून चांगलं, कारण एप्रिल 2022 मध्ये अ‍ॅटलासियनच्याच देखभालीच्या एका स्क्रिप्टने 775 ग्राहकांच्या साइट उडवल्या होत्या आणि काहींना त्या परत मिळायला दोन आठवडे लागले. क्लाउडवर आहोत म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी ते ऐकायला हवं होतं.

पुढचा विषय डेटा सेंटरचा, कारण 28 मार्च 2029 ला तेही संपतंय. ज्यांच्या कंपन्या अजून तिथेच आहेत त्यांनी आत्तापासून यायला लागा. येताना ओळखपत्र आणा आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहून आणा, गेटवर नोंद केल्याशिवाय आत सोडत नाहीत.