फॉरेक्स कार्ड, दोन मैत्रिणी आणि सिंगापूर: सहल संपून काही महिने झाल्यावरचा अनुभव

मत आधीच सांगते. बालमैत्रिणीबरोबर वाढदिवसासाठी परदेशी जायचं असेल तर प्रीपेड फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड) घ्यावं, दोघींनी वेगवेगळं घ्यावं, त्यात थेट सिंगापूर डॉलरच भरावेत, आणि हॉटेलच्या काउंटरवर ते पर्समधून अजिबात बाहेर काढू नये. सहल झाल्यावर लगेच कुणी विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार तारे दिले असते. उरलेली शिल्लक, उशिरा वजा होणाऱ्या रकमा आणि न वापरल्याचं शुल्क हे सगळं पाहिल्यावर आता साडेतीन.

घेताना

कार्ड बँकेतून किंवा अधिकृत मनी चेंजरकडून मिळतं. पासपोर्ट आणि पॅन लागतंच, बरेच ठिकाणी तिकीट आणि व्हिसाची प्रतही मागतात. पैसे सहसा स्वतःच्याच खात्यातून भरावे लागतात, कारण हा व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत (व्यक्तींना परदेशी खर्चासाठी पैसे नेऊ देणारी योजना) तुमच्या पॅनवर नोंदला जातो (वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा, म्हणजे सहलीला तिची काळजी नको). त्यामुळे ‘तू माझ्याही कार्डात भर, नंतर देते’ हे इथे चालत नाही. बर्थडे गर्लचा खर्च आपण करायचा असेल तर तो आपल्या कार्डातून तिथे जाऊन करायचा.

चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, पण तो रकमेच्या १८ टक्के नसतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का हे करपात्र मूल्य धरतात, तेही किमान २५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे २५ हजारांपर्यंत कितीही भरा, ४५ रुपये; ८० हजार भरले तर १४४ रुपये. थोडे-थोडे चार वेळा भरले की चार वेळा किमान ४५ जातात, शिवाय काही बँका दर भरण्याला वेगळं शुल्क लावतात. एकदाच नीट अंदाज करून भरावं.

खरा पैसा जातो दरात. ‘शून्य शुल्क’ लिहिलेलं कार्डसुद्धा दरात कमावतंच. तपासायची रीत सोपी: त्या क्षणी एका सिंगापूर डॉलरचा बाजारभाव समजा ६५ रुपये आहे आणि कार्डाचा दर ६६.३०, तर १.३० भागिले ६५, म्हणजे २ टक्के गेले. साध्या क्रेडिट कार्डावर मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क) ३.५ टक्के असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ टक्के पडतात. म्हणजे फॉरेक्स कार्ड स्वस्तच, पण फुकट नव्हे. हल्ली शून्य मार्कअपची डेबिट-क्रेडिट कार्डंही मिळतात. तुमच्याकडे तसं असेल तर फॉरेक्स कार्डात निम्मीच रक्कम भरा.

डॉलर भरताना कोणते, ते नीट बघा. काउंटरवरचा माणूस सवयीने अमेरिकी डॉलर भरून मोकळा होतो. मग सिंगापुरात प्रत्येक खरेदीवर क्रॉस-करन्सी शुल्क (कार्डातलं चलन एक आणि खर्चाचं दुसरं, म्हणून लागणारं) बसतं, ते ३.५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे कार्ड घेतल्याचा फायदाच संपला. पुलापलीकडे मलेशियात, जोहोर बाहरूला, एका दिवसाची चक्कर मारायचा बेत असेल तर कार्डात रिंगिट मिळतं का ते विचारून घ्या. नसेल तर त्या दिवसापुरते रोख रिंगिट बरे.

निघण्याआधी ॲपमध्ये जाऊन टॅप, ऑनलाइन आणि एटीएम ही तिन्ही बटणं चालू आहेत का ते बघा. नव्या कार्डावर यातलं काहीतरी बंदच असतं, आणि ते कळतं मेट्रोच्या फाटकापाशी, मागे रांग लागल्यावर. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम काढून ठेवू नका. डेटासाठी ई-सिम, ओटीपीसाठी आपलं सिम. रोमिंगमध्ये येणारा एसएमएस बहुतेक योजनांत फुकट असतो, पण रोमिंग सेवा भारतातूनच चालू करून निघावं.

मेट्रो आणि बस

इथे कार्ड सगळ्यात छान चालतं. सिंगापूरच्या एमआरटी (तिथली मेट्रो) आणि बसमध्ये परदेशी बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टॅप करता येतं. चांगी विमानतळाच्या स्टेशनपासूनच सुरुवात करता येते. तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या.

एका कार्डावर एकच प्रवासी. एकीने टॅप करून आत जायचं आणि तेच कार्ड मागे पास करायचं, हे होत नाही. दुसऱ्या टॅपला यंत्र तुम्हाला बाहेर पडलेलं समजतं किंवा अडवतं. दोघींची वेगळी कार्डं हवीत, त्याचं हे सगळ्यात ठोस कारण. दुसरं, बसमधून उतरताना टॅप विसरलात तर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापतात. तिसरं, परदेशी कार्डावर वापराच्या प्रत्येक दिवसाला ६० सेंट जादा लागतात. स्थानिक ईझी-लिंक कार्डाचे ५ डॉलर परत मिळत नाहीत. म्हणजे आठ दिवसांपर्यंत बँकेचं कार्डच स्वस्त (आठ दिवसांचे ४.८०), त्याहून जास्त मुक्काम असेल तर ईझी-लिंक.

हे भाडं रोजच्या रोज वजा होतंच असं नाही. साठून एकदम वजा होतं, कधीकधी तुम्ही घरी पोचल्यावर. त्यामुळे शेवटच्या दिवशी कार्ड शून्यावर आणायची हौस करू नका. १५-२० डॉलर ठेवा. भाडं थकलं तर ते कार्ड पुढच्या वेळी मेट्रोत चालणार नाही.

वाढदिवसाचं जेवण आणि ते छोटं मशीन

सिंगापूरच्या रेस्टॉरंटच्या मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं (++) दिसली की समजायचं, १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी वेगळा. १०० डॉलरचं जेवण: आधी ११०, मग त्यावर ९.९०, एकूण ११९.९०. दोघींसाठी ‘शंभरात होईल’ म्हणून बसलात तर वीस डॉलरचा फरक पडतो. टिप वेगळी द्यायची पद्धत तिथे नाही. केक आपण बाहेरून नेणार असू तर काही रेस्टॉरंटं तो कापून वाढण्याचं शुल्क घेतात. टेबल राखतानाच विचारा. बिनअंड्याचा केक लिटल इंडियात सहज मिळतो.

आता पैसे देतानाची खरी मेख. वेटर मशीन पुढे करतो, पडद्यावर दोन रकमा दिसतात. वर एसजीडी (सिंगापूर डॉलर) ११९.९०, खाली आयएनआरमध्ये (भारतीय रुपयांत) काहीतरी आठ हजारांच्या वर, आणि दोन्हींपुढे बटण. कार्ड भारतीय बँकेचं म्हणून मशीन ‘तुमच्या चलनात’ द्यायची सोय देतं. आपल्यालाही रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून हात तिकडे जातो. फॉरेक्स कार्डवर ही चूक दुप्पट महाग पडते. आधी दुकानदाराची बँक तिच्या दराने डॉलरचे रुपये करते. आपल्या कार्डात रुपयांचा कप्पाच नसतो, त्यामुळे ते रुपये पुन्हा सिंगापूर डॉलरमध्ये बदलून वजा होतात, वर क्रॉस-करन्सी शुल्क. पहिल्या टप्प्यात ५ टक्के आणि दुसऱ्यात ३.५ टक्के गेले असं धरा, तर ११९.९० चे १३० डॉलरच्या आसपास होतात. कॅशियर घाईत स्वतःच बटण दाबून मोकळा होतो, म्हणून मशीन हातात घ्या, एसजीडी निवडा. चुकून रुपयांत गेलं असेल तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. नंतर बँकेशी भांडून काही निघत नाही, कारण पावतीवर ‘ग्राहकाने निवडलं’ असंच छापलेलं असतं.

रात्री बारा वाजता बाहेर उघड्यावर बाटली उघडायचा बेत असेल तर सोडा. रात्री साडेदहा ते सकाळी सात सार्वजनिक जागी मद्य प्यायला बंदी आहे आणि दुकानातून बाटली घेऊन जाताही येत नाही. आणि हो, सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. भारतातले बाराच्या ठोक्याचे फोन तिथे पहाटे अडीचला वाजतात.

हॉटेल: इथे हे कार्ड नकोच

चेक-इनला हॉटेल अनामत म्हणून काही रक्कम अडवून ठेवतं. समजा रात्रीचे १०० डॉलर आणि चार रात्री, तर ४०० डॉलर. क्रेडिट कार्डावर ही फक्त मर्यादा अडते. फॉरेक्स कार्डावर तुमचे खरे, भरलेले पैसे अडतात. चेक-आउटला हॉटेल बहुतेकदा बिल वेगळ्या व्यवहाराने घेतं आणि जुनी अडवणूक तशीच सोडून देतं, ती आपोआप सुटायला आठवड्यापासून महिनाभर लागू शकतो. तेवढा काळ ४०० डॉलर दिसतात पण वापरता येत नाहीत. हॉटेल म्हणतं आम्ही सोडलेत, बँक म्हणते आम्हाला संदेश आला नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. अनामतीला दोघींपैकी एकीचं क्रेडिट कार्ड द्या, आणि चेक-आउटला ‘अनामत मोकळी केली’ असा कागद किंवा ईमेल मागून घ्या.

रोख किती

हॉकर सेंटरांत (एका छपराखाली खाण्याचे स्वस्त गाळे) कार्डाचा भरवसा नाही. मॅक्सवेल असो की लिटल इंडियातलं टेक्का, अनेक गाळ्यांवर रोख किंवा स्थानिक क्यूआर, एवढंच चालतं. काही दुकानांत यूपीआयचा क्यूआर दिसतो, पण त्यावर विसंबून राहू नये. माणशी दिवसाला २०-२५ डॉलर रोख पुरतात, कारण बाकी सगळं कार्डावर होतं. एटीएममधून काढायचे तर एकदाच मोठी रक्कम काढा. दर वेळी कार्डाचं ठरावीक शुल्क पडतं, आणि नुसती शिल्लक बघितली तरी अनेक कार्डांवर पैसे कापतात. शिल्लक ॲपमध्येच बघा. विमानतळापेक्षा लिटल इंडियातल्या मुस्तफा सेंटरजवळ किंवा रॅफल्स प्लेसच्या मनी चेंजरांकडे दर बरे मिळतात. सुट्या पैशांत ब्रुनेईची नोट आली तर घाबरू नका, १९६७ च्या करारापासून ती सिंगापुरात बरोबरीने चालते. फक्त ती तिथेच खर्चून या, मुंबई-पुण्यात ती घ्यायला कुणी राजी होत नाही.

सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि ते पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते बंद करा, त्यात फॉरेक्स कार्डाचा नंबर तर मुळीच टाकू नका.

दोघींचा हिशेब

वाटणीसाठी स्प्लिटवाइजसारखं ॲप पुरे, पण दर कोणता धरायचा हे निघण्याआधी ठरवा. एकीने ६६.२० ने भरलेत, दुसरीने आठवड्यानंतर ६६.९० ने. ॲप त्या दिवसाचा बाजारभाव लावतं, जो दोघींपैकी कुणालाच मिळालेला नसतो. सरळ नियम: जिने पैसे दिले तिच्या कार्डाचा भरणा-दर. शेवटी फरक दोन-तीनशे रुपयांचाच निघतो, पण जुन्या मैत्रीत हेच दोन-तीनशे कुणी तोंडाने मागत नाही आणि मनातूनही जात नाहीत. वाढदिवसाचं जेवण आणि भेट या सामाईक हिशेबाबाहेर ठेवा. आणि सरप्राइज असेल तर ती नोंद ॲपमध्ये सहलीनंतर करा, नाहीतर रेस्टॉरंटचं नाव तिच्या फोनवर आधी पोचतं.

मधेच भरणा करायची वेळ आली तर भारतातली बँक दहाला उघडते तेव्हा तिथे साडेबारा वाजलेले असतात. शनिवार-रविवारी भरलेली रक्कम काही बँका सोमवारीच कार्डात टाकतात. शुक्रवारी दुपारी शिल्लक बघायची सवय लावा.

परतल्यावर, आणि पुढचे महिने

नियमाप्रमाणे न वापरलेलं परकीय चलन परतल्यापासून १८० दिवसांत परत विकायचं असतं; २,००० अमेरिकी डॉलरपर्यंतची रक्कम पुढच्या वापरासाठी ठेवता येते. विकताना बँक खरेदीदर लावते, तो विक्रीदरापेक्षा कमी, म्हणजे जाताना दोन टक्के आणि येताना पुन्हा तितकेच. म्हणून शंभरेक डॉलर उरले आणि वर्षभरात पुन्हा जायचं असेल तर ठेवावेत. नाहीतर चांगीवरच शेवटची खरेदी याच कार्डावर करावी. काही कार्डांवर ठरावीक महिने व्यवहार झाला नाही की न वापरल्याचं शुल्क गुपचूप कापतात. शुल्कपत्रकात ही ओळ बहुतेक शेवटी असते.

हे कार्ड भारतात, नेपाळमध्ये आणि भूतानमध्ये चालत नाही. खरेदीवरचा जीएसटी परतावा (एका दुकानात किमान १०० डॉलरची खरेदी, पासपोर्ट दाखवून) क्रेडिट कार्डावर मागवा, फॉरेक्स कार्डावर अडकण्याची शक्यता जास्त. सामान चेक-इन बॅगेत जाणार असेल तर बॅग देण्याआधी परताव्याच्या यंत्रापाशी जा, कारण माल बघायला मागू शकतात.

शेवटचं स्टेटमेंट परतल्यावर महिन्याने पुन्हा एकदा उतरवून घ्या. उशिरा आलेलं मेट्रोचं भाडं, सुटलेली किंवा न सुटलेली अनामत, चुकून दोनदा गेलेलं बिल, सगळं त्यातच दिसतं. तक्रार करायची असेल तर पावती, तारीख आणि स्थानिक चलनातली रक्कम एकत्र पाठवा. नुसतं ‘पैसे जास्त गेले’ लिहिलं की उत्तर यायला दुप्पट वेळ लागतो.