बालीत एकच संध्याकाळ असेल तर: उलुवातूचा केचक की उबुडचं लेगाँग?

बालीला निघालेल्या कुणालाही विचारा, नाच बघायचा तर दक्षिणेला कड्यावरच्या उलुवातू मंदिरातला केचकच असं सांगतात. मी दोन्ही बघितलेत आणि मला सरसकट तसं नाही वाटत.

केचकमध्ये एकही वाद्य नसतं. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं कापड कमरेला गुंडाळलेले कितीतरी पुरुष गोल करून बसतात आणि नुसत्या तोंडाने चक-चक-चक, प्रत्येक गटाचा ठेका वेगळा, सगळे एकमेकांत असे गुंततात की अंगावर काटा येतो. मधे रामायण चालू असतं, सीताहरण, जटायू, शेवटी आगीत उतरलेला हनुमान, त्यामुळे आईबाबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर काही समजावून सांगावं लागत नाही, बघताबघता कळतं. मागे कडा आणि समुद्रात बुडणारा सूर्य. हा प्रकार फार जुना मात्र नाही, सांघ्यांग नावाच्या विधीतला पुरुषांचा कोरस 1930 च्या दशकात वायान लिम्बाक आणि चित्रकार वाल्टर स्पीस यांनी रामायणाला जोडला. गर्दी प्रचंड असते, तासभर आधी पोचा, आणि चष्मा सांभाळा, तिथली माकडं खरंच पळवतात.

लेगाँग हा मुलींचा नाच, उबुडच्या राजवाड्यात, रात्री साडेसातच्या सुमारास. इथे खरी गोष्ट म्हणजे गमेलान, मुख्यतः धातूच्या वाद्यांचा तिथला ताफा. जोडीतली दोन वाद्यं मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात लावलेली असतात, त्यामुळे आवाज थरथरत राहतो, त्याला ते ओंबाक म्हणतात, म्हणजे लाट. वादकांचे हात बघा, उजव्या हाताने पट्टीवर हातोडी पडते आणि डावा हात लगेच मागची पट्टी दाबून तिचा आवाज बंद करतो, ते इतकं फास्ट की डोळे पुरत नाहीत. आणि नाचणाऱ्या मुलींची नजर! ढोलाच्या इशाऱ्यावर बुबुळं झटकन एका कोपऱ्यात जातात. गोष्ट लासेमच्या राजाची, आपल्या ओळखीची नाही, त्यामुळे पहिली दहा मिनिटं कळत नाही काय चाललंय, जाताना थोडं वाचून गेलात तर खूप फरक पडतो.

घरच्यांसोबत पहिलीच ट्रिप असेल आणि मुक्काम दक्षिणेला असेल तर केचक, त्यात दुमत नाही. पण गाण्याबजावण्याची थोडी जरी आवड असेल तर सूर्यास्त सोडा आणि उबुडला जा, आणि जागा वादकांच्या जवळची धरा.