वेलोर की रेक्झिन? क्लोज्ड-बॅक हेडफोनचे इअरपॅड बदलण्याआधी

हेडफोनचा खर्ज हलका वाटू लागला की बहुतेक जण आधी इक्वलायझर उघडतात आणि मग नवा हेडफोन शोधायला लागतात. त्याआधी इअरपॅड बघा. क्लोज्ड-बॅक, म्हणजे कपची मागची बाजू बंद असलेल्या हेडफोनमध्ये पॅड ही नुसती कानाखालची गादी नसते. स्पीकरचा हलणारा पडदा, पॅड आणि कान यांच्यामध्ये कोंडलेली हवा हा त्या स्पीकरचाच एक भाग असतो. पॅड बदलला म्हणजे अर्धा हेडफोन बदलला.

सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला की दाब जाणवतो. बोट जरासं सैल सोडलं की दांडा हळू दाबताना हवा फटीतून निघून जाते आणि दाब तयारच होत नाही. झटक्याने दाबला तर मात्र हवेला निसटायला वेळ मिळत नाही. हेडफोनमध्ये हेच घडतं. खर्जाची कंपनं संथ असतात, त्यामुळे चष्म्याच्या काडीने पाडलेल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून ती गळून जातात. १ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ तसाच राहतो. म्हणून गळणारा हेडफोन आवाजाला कमी वाटत नाही, तो कर्कश वाटतो.

गळती आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. फोनवरच्या टोन जनरेटरने ४० हर्ट्झचा सूर लावा, व्हॉल्यूम मध्यम ठेवा. दोन्ही कप बोटांनी अगदी हलके आत दाबा. सूर एकदम भरदार झाला, तर पॅड नीट टेकत नव्हता. जोरात दाबू नका, कारण जोराने आतली जागा आकसते आणि चांगल्या बसलेल्या हेडफोनचाही खर्ज वाढतो. मग चष्मा काढून तोच सूर पुन्हा ऐका. शेवटी एकेक बाजू वेगळी दाबून बघा. गळती बऱ्याचदा एकाच कानाला असते आणि तेव्हा गाण्यातला तबल्याचा डग्गा मधोमध न ऐकू येता एका बाजूला सरकतो. या परीक्षेला तंबोरा घेऊ नका. काळी एकला लावलेल्या मर्दानी तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला बोलते, पण तिचे वरचे स्वरांश इतके भरपूर असतात की खालचा पाया गळाला तरी कान तो सूर भरून काढतो. डग्ग्याची घसीट मात्र लपवाछपवी करत नाही. मनगट पुढे सरकताना आवाजाचं पोट रिकामं लागलं, तर फट आहेच.

आता पॅडच्या प्रकारांकडे येऊ. दुकानात ज्याला 'लेदर' म्हणतात ते बहुतेक वेळा पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) लेप दिलेलं कापड असतं, म्हणजे आपल्या भाषेत रेक्झिन. त्यातून हवा जात नाही, त्यामुळे खर्ज पूर्ण मिळतो आणि बाहेरचा आवाजही जास्त अडतो. सोनी एमडीआर-७५०६ आणि ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स या दोन्हींवर कंपनीकडून असेच पॅड येतात. दोष दोन: कान घामाने भिजतात आणि दमट हवेत लेपाचं विघटन होऊन त्याचे काळे पापुद्रे निघतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आणि तेल लावलेल्या केसांच्या संगतीत ही पापुद्र्यांची वेळ लवकर येते. स्पिरिटने पुसू नका, लेप आणखी लवकर जातो. ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडं करा.

वेलोर म्हणजे मखमली कापड. त्यातून हवा खेळते, कान थंड राहतात, आणि चष्म्याची काडी मऊ कापडात व फोममध्ये बऱ्यापैकी रुतते. पण हवा खेळते याचाच अर्थ खर्ज थोडा गळतो. बेयरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, ८० ओहम, हा वेलोरसाठीच जुळवलेला क्लोज्ड हेडफोन आहे, त्यामुळे त्याचा खर्ज वेलोरवरही भरपूर लागतो. त्यावर रेक्झिनचे पॅड चढवले तर खालचा भाग फुगतो आणि वरच्या पट्टीचा तोलही बदलतो. उलट रेक्झिनसाठी बनलेल्या हेडफोनला वेलोर घातला की खर्ज घसरतो आणि माणूस हेडफोनला नावं ठेवतो. तेव्हा 'वेलोरचा आवाज' असा काही स्वतंत्र आवाज नसतो. तो कोणत्या हेडफोनवर बसवलाय, यावर सगळं आहे.

मेंढीच्या कातड्याचे पॅड महाग, पण मऊ असतात. ते पीयूसारखे पापुद्रे सोडत नाहीत आणि चष्म्याभोवतीही चांगले टेकतात. हायब्रीड पॅडमध्ये बाहेरची भिंत रेक्झिनची आणि गालाला लागणारा भाग कापडाचा असतो. गरमीत हा मधला मार्ग बरा, पण कापडातून काही गळती होतेच. आतल्या भिंतीला भोकं असलेल्या पॅडमध्ये फोमला आवाज शोषायला वाव मिळतो आणि मधल्या व वरच्या पट्टीतली घुमणारी टोकं दबतात. काहींना हा आवाज सौम्य वाटतो, काहींना मिटलेला.

कापडाइतकीच जाडी महत्त्वाची, आणि ग्राहकांची फसगत इथेच जास्त होते. एमडीआर-७५०६ चे मूळ पॅड पातळ असतात, कान आतल्या जाळीला टेकतो. म्हणून लोक जाड, गुबगुबीत पॅड आणतात. आराम नक्की मिळतो. पण कान पडद्यापासून लांब जातो आणि कोंडलेल्या हवेची जागा वाढते. तेवढ्याच हालचालीतून आता कमी दाब तयार होतो, म्हणजे खर्ज उतरतो. ३ किलोहर्ट्झच्या वर कानाच्या पाळीशी होणाऱ्या घुमण्याच्या जागा सरकतात, त्यामुळे 'स' आणि 'श' कधी बोचतात, कधी मागे पडतात. संपादनाचं किंवा रेकॉर्डिंगचं काम करणाऱ्याने या हेडफोनवर मूळ मापाचेच पॅड घ्यावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्या आवाजाची कानाला सवय आहे, ज्यावर निर्णय घेतले जातात, तोच जाड पॅडने बदलतो. निव्वळ ऐकण्यासाठी मात्र जाड पॅड जरूर घ्या.

घेण्याआधी माप घ्या. कानाची उंची बहुतेकांची ६ ते ६.५ सेंटिमीटर असते. पॅडचं आतलं तोंड त्याहून मोठं हवं, नाहीतर पॅड कानावरच चढतो आणि मागे फट राहते. मेमरी फोम असेल तर घातल्याबरोबर निकाल देऊ नका. अंगाच्या उबेने तो मऊ होऊन चेहऱ्याच्या वळणात बसायला काही मिनिटं घेतो.

पॅड बदलताना जुन्या पॅडची कड एका टोकाला अंगठ्याने उचला आणि गोल फिरवत सोडवा. आत पडद्यासमोर फोमची किंवा कापडाची पातळ चकती असते. ती जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात जाते, आणि मग 'नवे पॅड फार तिखट आहेत' अशी तक्रार येते. चकती वरची पट्टी आवरून धरते, ती जागच्या जागी ठेवाच. नव्या पॅडची कड खालून खाचेत अडकवा, त्या जागी अंगठा दाबून ठेवा आणि कड ताणत ताणत दोन्ही बाजूंनी वर या. शेवटच्या दोन इंचांना जुन्या एटीएम कार्डाची कडा कामी येते, स्क्रूड्रायव्हर नको. मग नख फिरवून सगळी कड खाचेत बसली का बघा. एका ठिकाणी जरी बाहेर राहिली तर पॅडच्या मागूनच गळती होते आणि दोष कानाला लागतो. दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदला, दबलेला जुना आणि ताजा नवा मिळून कधीच जुळत नाहीत.

गळती तशीच ठेवून इक्वलायझरने खर्ज चढवू नका. ६ डेसिबल चढवायचे तर पडद्याला दुप्पट हलावं लागतं, आवाज फुटतो, आणि हेडफोन जरा वेगळा बसला की सगळा हिशेब चुकतो.

नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमी करणाऱ्या हेडफोनची गोष्ट वेगळी. बऱ्याच मॉडेलमध्ये कपच्या आत माइक असतो आणि त्यावरून गळती काही प्रमाणात भरून काढली जाते. पण ती जुळवाजुळव मूळ पॅड धरून केलेली असते, तेव्हा तिथे मूळ पॅडच घ्या.

राहिला हेडबँडचा ताण. सैल बँडने उत्तम पॅडसुद्धा गळतो, फार घट्ट बँडने तासाभरात जबडा दुखतो. धातूची पट्टी असलेला बँड सैल करायचा असेल, तर डोक्याहून जेमतेम सेंटिमीटरभर रुंद अशा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर तो रात्रभर ठेवा आणि सकाळी ४० हर्ट्झची परीक्षा पुन्हा करा. सूर पातळ झाला असेल, तर बँड जास्त सैल झाला. पट्टी हाताने थोडी आत वळवून पुन्हा तपासा.